मंगलच्या फोनमधलं पाणी

पल्लवी, ये, अशी जवळ बस बघू. तू पुण्यात आणि मी इकडे नशिराबादेत, म्हणून काय झालं? लिहायला बसले की मी तुला समोर पाटावर बसवूनच घेते. आधी रागावून घेते, मग सांगते. फोन केला की "हो मावशी, येते मावशी, या महिन्यात नक्की मावशी." असे किती महिने झाले गं? आणि आलीस तरी एका दिवसाची पाहुणी. मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला आलीस, शेव खाता खाता शेजारच्या मंगलला फोनवर काहीतरी दाखवलंस, "मावशी, बघ, आपण साध्या मराठीत सांगायचं आणि हे ॲप करून देतं," म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचलून गेलीस. दहा मिनिटं दाखवलंस तू. त्या दहा मिनिटांचं पुढे काय झालं ते एकदा तरी विचारलंस का? नाही ना? मग आता गप्प बसून ऐक.

मंगल तुला आठवत असेल तर एवढीच आठवत असेल: बारीक, उंच, खिडकीशी मशीन घेऊन साडीला फॉल लावणारी. आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत. शेजारचं बिऱ्हाड अनिलचं, ती त्याची मोठी बहीण. चाळीसगावला दिलेली, चार वर्षांत परत आली. का आली ते मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. गल्लीतल्या बायकांनी आपापल्या परीने चार कारणं ठरवली होती, तिने चारही खोडली नाहीत. वय म्हणशील तर चाळिशीच्या पुढे. बारावी पास. आणि बोलणं असं की, मांजरालासुद्धा "सर बाई जरा" म्हणेल.

तुझ्या त्या फोनमधल्या यंत्रालाही ती अशीच लिहायची. मी एकदा डोकावून वाचलं. "सप्रेम नमस्कार ताई. पत्रास कारण की, काल आपण जे पान करून दिलं त्यातलं बटण दाबलं की काहीच होत नाही. तरी कृपया पाहावे. कळावे, मंगल." मी म्हटलं, "अगं, ते यंत्र ना? त्याला कसली ताई?"

"असू दे ना अक्का. फुकट काम करते बिचारी. आणि खरं सांगू का? या घरात मला 'तुमचं बरोबर आहे' असं पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर हिने."

"तुझं चुकलं तरी म्हणते?"

"तरी म्हणते," मंगल हसून म्हणाली. "तेवढंच तिचं वाईट आहे."

पहिलं ॲप तिने स्वतःच्या कामाचं केलं. कुणाची साडी कधी आली, कधी द्यायची. बनलं तेव्हा गल्लीतल्या बायका जमल्या बघायला, आणि उघडलं तर काय, चित्रांत परदेशी बायका उघड्या पाठीचे झगे घालून उभ्या! त्या दिवशी सगळ्यांनी पोट धरधरून हसून घेतलं. "मंगल, माझ्या सुनेला हा शिवून दे गं," इथपर्यंत गेलं. मंगल लाल झाली, पण रडली नाही. म्हणाली, "सांगणारीची चूक. मी कपडे म्हटलं. साडी म्हटलंच नाही."

मग तिने एक वही केली. यंत्र फुकटात दिवसातून थोडंच बोलू देई, मग 'आजचं संपलं' म्हणून बंद. म्हणून काय सांगायचं ते ही आधी वहीत पेन्सिलीने लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, आणि मग एकदाच फोनवर उतरवायची. आणखी एक सवय. यंत्र ॲप करून देतं त्याच्या मागे इंग्रजीत ओळीच्या ओळी असतात म्हणे. तू म्हणाली होतीस की त्या बघायची गरज नाही. मंगलला ते पटलं नाही. "अक्का, साडी घेताना आपण उलटी बाजू बघतोच ना? पुढून फूल दिसतं, गाठी मागे असतात." ती त्या ओळी बघत बसायची. समजायच्या नाहीत. मग यंत्रालाच विचारायची, "ही गाठ कशाची?" असं करत करत तिला पाचात दोन गाठी कळायला लागल्या. चाळीस ओलांडलेली बाई, कुणी शिकवायला नाही, कुणी विचारायला नाही. मला तर तिचं भारी कौतुक वाटायचं.

आता नानांचं सांगते, म्हणजे तुला कळेल की हे सगळं कुठल्या कोंडवाड्यात चाललं होतं.

नाना म्हणजे मंगलचे वडील. ऐंशीच्या घरातले. धुळ्याकडे पांझरेच्या काठच्या गावात त्यांनी जन्मभर पाटकऱ्याचं काम केलं. तिकडे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावचे फड असतात. एका फडात दहा जणांची वावरं, आणि कुणाच्या वावरात केव्हा पाणी सोडायचं ते पाटकरी ठरवणार. तिथे पाटलाचंही चालत नाही. नानांचा नेम एकच होता: आधी शेवटचं वावर. "वरलाले काय घाई? त्याना दारमा पाणी शे. आधी शेवटला." त्यासाठी त्यांनी एकदा सख्ख्या भावाशी बोलणं सोडलेलं.

अशा माणसाचं डोकं म्हातारपणी विस्कटलं. मंगलचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. पण बारी, म्हणजे पाणी द्यायची पाळी, आठवायची. सकाळी उठले की घरातले सगळे नळ सोडायचे. आमच्याकडे नळाला पाणी रोज कुठे येतं? टाकी रिकामी, मोरीतून पाणी ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत, आणि नाना काठी घेऊन त्या पाण्यामागे निघाले! दोनदा हायवेपर्यंत गेले. दुसऱ्या वेळी एका ट्रकवाल्याने आणून सोडलं. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली मंगलच्या पदराला. अनिल कारखान्यात बारा-बारा तास. त्याची बायको वैशालीवहिनी पोरांची शाळा, स्वयंपाक बघायची. नानांजवळ कोण? मंगल. अनिल वाईट मुलगा नाही हं. येता-जाता म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून माझं घर चालतंय." मंगल मला म्हणाली, "अक्का, हे वाक्य ऐकलं ना, की मी मशीनवर जाऊन बसते. याच्यावर काय उत्तर द्यायचं?"

किल्ली तिच्याजवळ, आणि कोंडलेलीही तीच.

तर एक दिवस तिने यंत्राला मोठं पत्र लिहिलं. वहीची तीन पानं. पाण्याचा एक पाट काढ. त्याच्या बाजूला दहा वावरं एकाखाली एक. प्रत्येकावर नाव: गोविंदा, सुपडू, दगा, अशी गावातली खरी नावं. वावरावर बोट ठेवलं की दार उघडावं आणि निळं पाणी हळूहळू सरकत जावं. यंत्राने केलं. मंगलने नानांच्या हातात फोन दिला. नानांनी बोट ठेवलं, आणि पाणी निघालं वरून! नानांनी फोन पार गादीवर आपटला. "हाऊ कोन पाटकरी? वरून पाणी देस? चोर शे हाऊ!" त्या आपटण्याने फोनच्या काचेला तडा गेला. मंगल दुसऱ्या दिवशी पुन्हा वही घेऊन बसली. "सप्रेम नमस्कार ताई. आपल्याकडून मोठी चूक झाली आहे. पाणी आधी शेवटच्या वावराला द्यायचं असतं."

ते दुरुस्त झालं, आणि काय सांगू पल्लवी, नाना बसले. मांडी घालून, फोन मांडीवर, शेवटच्या वावरावर बोट. पाणी सरकतंय, नाना बघतायत. मधूनच मान वर करून विचारायचे, "बारी कोनी शे?" मंगल मशीनवरून म्हणायची, "गोविंदानी." "बरं." आणि पुन्हा पाण्याकडे. तिने पाणी मुद्दाम सावकाश करून घेतलं, एका वावराला अर्धा तास. दहा वावरं म्हणजे पाच तास. पाच तास त्या घरात नळ सुटला नाही. मी ओट्यावर उभी राहून हे बघितलं आणि माझ्या डोळ्याला पाणी आलं, खोटं नाही सांगत.

पण बघ हं, माणसाच्या हाताला यश आलं की कधी कधी तेच हात बांधतं. नाना शांत बसतात म्हटल्यावर वैशालीवहिनी जळगावला एका दुकानात कामाला जाऊ लागली. अनिल जास्तीची पाळी घेऊ लागला. दोघांनाही मोकळीक झाली. आणि मंगल? तिचा एकुलता एक फोन पाच तास नानांच्या मांडीवर, आणि "बारी कोनी" ला उत्तर द्यायला ती शेजारी. उत्तर आलं नाही की नाना उठलेच. तिने यंत्राकडून बाईचा आवाज घालून बघितला. नाना कान देऊन म्हणाले, "हाई कोन बाई बोली राहिनी? हाई आपला गावनी नही." मग तिने स्वतःचा आवाज भरला, तेव्हा कुठे मानलं. शिकायचं ते ती नाना दुपारी झोपले की तेवढ्या वेळात शिकायची. वहीची पानं साठत होती, फोन मिळत नव्हता.

त्यातच धुळ्याची गोष्ट आली. तिथे एक संस्था बायकांना हे ॲप करायचं काम तीन महिने ठेवून घेऊन शिकवते आणि पुढे नोकरीला लावते, असं तिला कळलं. निवड करताना फक्त एक दिवस बोलावतात. आपण केलेलं एखादं काम दाखवायचं. मंगलने अनिलला विचारलं नाही, सांगितलं. "मला जायचंय." अनिल म्हणाला, "तीन महिने नानांना कोण बघेल?" "आधी निवड तर होऊ दे," ती म्हणाली. "नाही झाली तर प्रश्नच मिटला. झाली तर तुम्ही दोघं मिळून ठरवा. मी पंधरा वर्षं ठरवलं." एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. भिंत एकच ना, सगळं ऐकू येतं.

त्या दिवशी नानांजवळ मी बसायचं ठरलं. ती सकाळी सहाच्या गाडीने गेली. इस्त्रीची साडी, हातात वही. फोन घरी. फोन नेला असता तर नाना बसले नसते. तिने मला सांगितलं, "अक्का, माझं काम तिथल्या कॉम्प्युटरवर उघडतं, मी विचारून घेतलंय. तुम्ही फक्त नानांना पोहे द्या आणि दार उघडू नका."

पोहे दिले. नाना बसले. शेवटच्या वावरापासून पाणी सुरू झालं. मंगलचा भरलेला आवाज फोनमधून "गोविंदानी" म्हणत होता. साडेअकराला माझा फोन वाजला. मंगल. संस्थेतल्या कुणाच्या तरी फोनवरून.

"अक्का, जरा ऐका. इथे उघडताना ते विचारतंय, ही खरंच मंगलच आहे का. माझ्या फोनवर आता प्रश्न येईल. खाली दोन बटणं असतील. वर 'होय', खाली 'नाही'. तुम्ही वरचं दाबा. लगेच दाबा हं, ते थोडाच वेळ थांबतं."

मी चष्मा चढवला तोवर नाना ओरडले, "मना फड कोठे गया?" तो प्रश्न येऊन बसला होता सगळ्या वावरांवर. मी म्हटलं, "नाना, द्या इकडे, मी आणून देते तुमचा फड." नानांनी फोन छातीशी धरला. "पाटकरी किल्ली कोनले देस का?"

मी हात घातला. पल्लवी, ओढून घेता आला असता गं. ऐंशीचा माणूस, मनगट एवढंसं. पण ते असे बिचकून ओरडले, लहान लेकरासारखे, आणि पलीकडून मंगलने ते ऐकलं.

"अक्का, ओढू नका. त्यांनाच सांगा. वरचं दाबा म्हणा."

मी म्हटलं, "नाना, दोन दारं दिसतायत ना? त्यातलं वरचं उघडा. मंगल म्हणते, वरचं उघडा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. इतका अपमान झाल्यासारखं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. "वरलं आधी? पन्नास वरीस पाणी दिधं मी. आधी शेवटलं!" आणि खालच्या बटणावर अंगठा दाबला. चांगला घट्ट.

वावरं परत दिसायला लागली. नाना खूश. फोनवर मंगलच्या मागे कुणीतरी म्हणत होतं, "मॅडम, हे आता बंद झालं. उद्यापर्यंत उघडणार नाही."

"मंगल," मी म्हटलं, "अगं, त्यांनी खालचं दाबलं."

"कळलं अक्का." मला वाटलं रडते, पण ती हसत होती. "बरोबरच दाबलं त्यांनी. मीच तसं करून दिलंय." मग विचारलं, "पाणी कोणत्या वावरात आहे?"

"सुपडूच्या."

"म्हणजे अजून साडेतीन तास. त्यांना मध्ये ताक द्या. मी येते."

संस्थेतली माणसं चांगली होती. तिची वही बघितली त्यांनी, पानं उलटून उलटून बघितली. पण नियम पडला कामच बघण्याचा. पुढच्या वेळी या, आम्हाला तुम्ही लक्षात आहात, म्हणाले. संध्याकाळी आली तेव्हा तिने साडी बदलली, नानांना भाकरी चुरून दिली, आणि अनिलने "काय झालं?" विचारल्यावर म्हणाली, "प्रश्न मिटला." अनिलने मान खाली घातली. सुटल्यासारखं वाटलं असेल त्याला, आणि त्याची लाजही. दोन्ही दिसत होतं बाई त्याच्या तोंडावर.

मी आठ दिवस तिच्यासमोर गेले नाही. मग तीच आली, कढीपत्ता मागायला. म्हणाली, "अक्का, तुम्ही ओढलं असतं ना, तर मी निवडले गेले असते. आणि मग तुमच्याशी आयुष्यभर बोलले नसते." कढीपत्ता घेतला, गेली.

पुढची निवड यायच्या आत अनिलला धुळ्याकडे नरडाण्याला काम लागलं, तिथल्या कारखान्यात. पगार बरा. बिऱ्हाड हललं. टेम्पोत मशीन, गाद्या, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी नाना, मांडीवर फोन, त्यांच्याशेजारी मंगल. माझ्या भिंतीपलीकडे आता एक बँकेतला मुलगा राहतो, दिवसभर आवाज नाही.

मागच्या महिन्यात मी नरडाण्याला जाऊन आले. स्टेशनवरून रिक्षा केली. कारखान्यांच्या मागे चाळीसारख्या खोल्या, दोन खोल्यांचं घर, एक खिडकी, समोर दुसऱ्या चाळीची भिंत. दार वाजवलं. आतून किल्ली फिरली. मंगल अजून बारीक झालीय. केस पांढरे सोडलेत, रंगवत नाही. खिडकीत मशीन तीच. कारखान्यात जाणाऱ्या बायका खिडकीशी उभ्या राहून तिच्याशी बोलतात. एकीची पाळी कधी, दुसरीची पोरं तेव्हा कोणाकडे, याचा काहीतरी मेळ घालणारं ॲप तिने त्यांच्यासाठी करून दिलंय. त्या गजांबाहेरून फोन आत देतात, ती बघून, दुरुस्त करून परत देते. एक बाई म्हणाली, "ताई, तुम्ही कधी बाहेर या ना चहाला." मंगल म्हणाली, "येईन हो." मला त्या "येईन हो" चा अर्थ माहीत होता.

नाना कॉटवर पडून होते. मी म्हटलं, "फोन नाही त्यांच्याकडे?"

"नाही मागत आता," मंगल म्हणाली. "दिवाळीनंतर एक दिवस मीच हातात दिला. बघितलं, आणि मला परत दिला. 'हाई तुनं शे,' म्हणाले. पाट नाही ओळखला, गोविंदा नाही ओळखला." साडीची दुमडलेली किनार तिने नखाने दाबून सरळ केली. "वर्षभर मी वाट बघत होते की फोन सुटावा. सुटला तेव्हा मला घास गिळवेना, अक्का."

तेवढ्यात नानांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोनी पोर वं, माय?"

"तुमचीच," ती म्हणाली, आणि त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला.

धुळ्याची पुढची निवड जूनच्या एक तारखेला आहे. तिने स्वतःहून सांगितलं नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं मी बघितलं. विचारलं तर म्हणाली, "बघू. तीन महिने म्हणजे खूप झाले." मी निघाले तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली. उंबऱ्याच्या आत थांबली. रिक्षा वळेपर्यंत मी मागे बघत होते. ती दार अर्धं धरून उभी होती, एक पाय उंबऱ्यावर. मग आतून नानांनी हाक मारली असावी. दार लागलं, किल्ली फिरली. एवढं ऐकू आलं.

तर पल्लवी, आता मी काय म्हणते ते ऐक. नरडाण्याला मी तीन महिने राहायला तयार आहे. गुडघे दुखतात, पण बसायला गुडघे लागत नाहीत. नानांना आता मी कोण, मंगल कोण, सारखंच. अनिलशी मी बोलते, त्याचं तोंड मला ठाऊक आहे, माझ्यापुढे तो नाही म्हणणार नाही. पण मंगल माझ्या सांगण्याने उंबरा ओलांडायची नाही. "अक्का, तुम्हाला कशाला त्रास," करत बसेल. तिला धुळ्याच्या गाडीत बसवायला, तिथे शेजारी बसायला, ते यंत्र पुन्हा काही विचारायला लागलं तर वरचं का खालचं ते सांगायला तुझ्यासारखं कुणीतरी पाहिजे. तू दाखवलंस ना तिला? मग पुढचंही तूच बघ. मे महिन्यात आंबे असतात, कळण्याची भाकरी करीन, वांग्याचं भरीत करीन. एका दिवसाची बॅग आणू नको. आठ दिवसांची आण, आणि जूनच्या आत ये गं पोरी.